घरातील यंत्रे आणि वाचलेला वेळ

नव्या वस्तूचे कौतुक वाटणे हा मनुष्यस्वभावच आहे. घरात एखादे नवे यंत्र आले की तो दिवस लहानशा सणासारखा जातो. खोके कोणी उघडायचे यावरून मुलांत झटापट होते, आजी यंत्राला हळदकुंकू लावते, घरचे कर्ते माहितीपत्रक मोठ्याने वाचू लागतात आणि कळ दाबण्याच्या क्षणी सारे घर त्याच्याभोवती गोळा होते. मिक्सर असो, शीतकपाट असो, कपडे धुण्याचे यंत्र असो वा नवा फोन असो, ही नवलाई निदान आठवडाभर तरी ओसरत नाही. या आनंदात काही वावगे आहे असे आम्हांस मुळीच वाटत नाही. “पूर्वी यांतले काहीच नव्हते, तरी आमचे काही अडले नाही,” असे म्हणणारी वडील मंडळी पुष्कळ भेटतात. त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखूनही त्यांचे हे मत आम्हांस मान्य करता येत नाही. पूर्वी अडत होते. मात्र ज्यांचे अडत होते त्यांना तसे बोलून दाखविण्याची सोय नव्हती.

यंत्राची आवड हे परक्यांचे अनुकरण आहे, असाही एक आक्षेप घेतला जातो. तो घेणाऱ्यांनी आपल्या बेळगावचाच इतिहास आठवावा. कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ सालचा आणि बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. मुंबईस तंत्रशाळेत शिकवीत असताना त्यांना सायकलीचे वेड लागले आणि १८८८ साली किर्लोस्कर बंधूंचे सायकलींचे दुकान या बेळगावात निघाले. सायकल विकून ते थांबले नाहीत; ती चालवावी कशी हेही ते गिऱ्हाइकांना शिकवीत. पुढे त्यांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमिनीत विष उतरेल या भीतीने शेतकरी तो घेण्यास धजत नव्हते. तरी ते मागे हटले नाहीत, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. सायकलीच्या कौतुकापासून निघालेली ही वाट कारखान्यापर्यंत गेली. तेव्हा यंत्राचे वेड हे उथळ मनाचेच लक्षण असते, असे निदान आपण बेळगावकरांनी तरी म्हणू नये.

यंत्रामुळे जुने गोड जीवन हरपले, अशी हळहळही अनेकदा ऐकू येते. पिठाची गिरणी आली आणि जाते अडगळीत पडले. जाते थांबले आणि पहाटेची ओवीही थांबली, हे खरेच आहे. परंतु अशी हळहळ करणाऱ्यांपैकी किती जणांनी पहाटे चार वाजता उठून पायलीभर ज्वारी दळली आहे, असे आम्ही विचारू इच्छितो. ओवी गोड होती. पण ती श्रम हलके वाटावेत म्हणून गायिली जात होती. तिच्या ओळीओळींतून बायकांनी आपले कष्ट, सासुरवास आणि माहेरची ओढ सांगितलेली आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्यांतील कितीतरी ओव्या गाणाऱ्या बायांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित झाल्या. एका यंत्राने जाते थांबविले, तर दुसऱ्या यंत्राने जात्यावरचा स्वर राखून ठेवला. ओवी ऐकण्याकरिता कोणा बाईने जन्मभर जाते ओढावे, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

स्वयंपाकघरात यंत्रांनी केलेले उपकार तर डोळ्यांना दिसणारे आहेत. चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेल्या आईचे लाल डोळे ज्यांनी पाहिले, त्यांना गॅसच्या निळ्या ज्योतीचे मोल सांगावे लागत नाही. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे ही ज्योत अनेक गरीब घरांतही पोहोचली. कुकरचे शास्त्र आमच्या विद्यार्थ्यांना ठाऊकच असेल. झाकण घट्ट बसल्याने आत वाफेचा दाब वाढतो, त्यामुळे पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते, आणि म्हणून तासभर रटरटणारी डाळ थोडक्या वेळात शिजते. मिक्सरची कथा त्याहूनही मनोरंजक आहे. परदेशी बनावटीची यंत्रे तिकडच्या स्वयंपाकासाठी बनविलेली. आपले कोरडे मसाले आणि भिजविलेले तांदूळ-डाळ यांपुढे ती टिकेनात. तेव्हा सत्यप्रकाश माथुर या अभियंत्यांनी १९६० च्या दशकात मुंबईत ‘सुमीत’ हा मिक्सर आपल्या वाटणाला पुरून उरेल असा घडविला. आमच्यासारख्या कोंकणी बोलणाऱ्या घरांत ओल्या खोबऱ्याच्या वाटणावाचून जेवण होत नाही. ते वाटण रगड्यावर रोज वाटणाऱ्या बाईचे दंड आणि कंबर यांना विचारले, तर मिक्सरची योग्यता कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक स्पष्ट कळेल.

येथवर आम्ही यंत्रांची बाजू घेतली. आता एक प्रश्न विचारणे प्राप्त आहे, आणि तो यंत्राला विचारावयाचा नसून घराला विचारावयाचा आहे. यंत्राने वेळ वाचविला हे खरे. परंतु तो वाचलेला वेळ कोणाच्या पदरी पडला?

या प्रश्नाचे उत्तर आपण समजतो तितके सरळ नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर एक पाहणी केली. माणसे दिवसाचे चोवीस तास कशात घालवितात, हा तिचा विषय होता. सहा वर्षांवरील व्यक्तींची ही पाहणी असे सांगते की, घरातील बिनमोल कामे शंभरात सुमारे ८१ स्त्रिया करतात आणि पुरुषांपैकी सुमारे २६ जण करतात. शिवाय अशी कामे करणारी स्त्री त्यांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालविते, तर करणारा पुरुष ९७ मिनिटे. २९९ मिनिटे म्हणजे जवळजवळ पाच तास! घरोघरी इतकी उपकरणे आल्यानंतरची ही स्थिती आहे.

असे का व्हावे? रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन विदुषींनी १९८३ साली ‘मोअर वर्क फॉर मदर’ या नावाचा एक ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या देशातील घरांचा इतिहास तपासून त्यांनी असे दाखविले की, यंत्रांनी घरातील पुरुषांची आणि मुलांची कामे बव्हंशी नाहीशी केली. आईच्या वाट्याची कामे मात्र रूप पालटून तिच्याचकडे राहिली. आपल्याकडेही पाहा. लाकडे फोडण्याचे काम बहुधा पुरुषांचे असे. गॅस आला आणि ते सुटले. रहाटावरून पाणी ओढण्यास मुले हात लावीत. पंप बसला आणि ती मोकळी झाली. आईचे काय झाले? पूर्वी वाटण एकदाच होई, कारण ते कष्टाचे होते. आता “दोन मिनिटांचे तर काम” म्हणून सकाळी एक चटणी आणि संध्याकाळी दुसरी मागितली जाते. पूर्वी कपडा मळल्याशिवाय धुण्यास पडत नसे; आता धुण्याचे यंत्र आहे म्हणून एकदा अंगावर घातलेला सदराही त्यात जातो. यंत्र कपडे धुते हे कबूल. पण ते दोरीवर घालणे, पावसाची सर आली की धावत जाऊन काढणे, त्यांच्या घड्या घालणे आणि ज्याचे त्याच्या कपाटात ठेवणे, ही कामे यंत्र करीत नाही. कुकरची शिट्टी साऱ्या घराला ऐकू येते, पण ती ऐकून उठते एकच व्यक्ती.

याउलट, वाचलेला वेळ योग्य पदरी पडला तर काय घडते, याचेही उदाहरण आहे, आणि ते पुन्हा सायकलीचेच आहे. बिहारमध्ये २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सरकारने सायकली देण्यास प्रारंभ केला. नंतर अभ्यासकांनी हिशेब मांडला, तेव्हा योग्य वयात माध्यमिक शाळेत येणाऱ्या मुलींचे प्रमाण त्यामुळे सुमारे ३० टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. आपल्या राज्यातही २००६-०७ पासून बरीच वर्षे सरकारी व अनुदानित शाळांतील आठवीच्या विद्यार्थ्यांना सायकली मिळत असत. सायकल हे काही मोठे यंत्र नव्हे. तिला वीज लागत नाही की तेल लागत नाही. परंतु तिने वाचविलेला तास सर्वस्वी त्या मुलीचा झाला, आणि तिने तो शाळेत घालविला. घरात येणाऱ्या प्रत्येक यंत्राची किंमत रुपयांत सांगितली जाते. ती या हिशेबानेही सांगितली जावी, अशी आमची सूचना आहे.

आता राहिला फोन. या विषयावर उपदेश ऐकून मुलांचे कान किटले आहेत, म्हणून आम्ही थोडक्यातच सांगतो. फोन उपयोगी आहे, यात शंका नाही. मार्च २०२० मध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा फळा आणि खडू यांचे काम फोननेच केले. परंतु त्याच काळात एक गोष्ट आम्हां शिक्षकांच्या ध्यानी आली. ज्या घरी एकच फोन आणि शिकणारी भावंडे दोन, तेथे तासाला भाऊ हजर असे आणि बहीण पुष्कळदा गैरहजर राही. तिला विचारावे, तर ती म्हणे, “दादाचा तास होता, बाई.” तिच्या या उत्तरात तक्रारीचा सूर नसे, आणि आम्हांस त्याचेच अधिक वाईट वाटे. दुसरी गोष्ट अशी की, मिक्सर व कुकर वेळ वाचवितात; फोन मात्र हाताळणाऱ्याने सावधपणा ठेवला नाही तर वाचलेला वेळ खाऊन टाकतो. यंत्रांनी दिलेली अर्धी घटिका आई भांडी घासण्यात घालविते आणि मुलगा बोटाने पडदा सरकविण्यात घालवितो, हा व्यवहार न्यायाचा म्हणता येणार नाही.

यावर काही पालक म्हणतील, “मुलांनी यंत्रांना हात लावला तर ती बिघडतील.” बिघडतीलही. पण आठ पदरी हिशेब करणारा आणि विद्युत्‌मंडलाची आकृती बिनचूक काढणारा मुलगा धुण्याच्या यंत्रात कपडे किती घालावेत हे शिकू शकत नाही, असे मानणे हा त्याच्या बुद्धीचा अपमान आहे. आपल्या उद्यमबागेतील कारखान्यांत याच वयाहून थोडी मोठी मुले मोठमोठी यंत्रे चालवितात. काही माता म्हणतील, “मुलग्यांनी स्वयंपाकघरात येऊ नये, ते बरे दिसत नाही.” त्यांस आमची नम्र विनंती अशी की, हा संकोच त्यांनी सोडावा. जो हात मिक्सरचे बटण दाबतो, त्याच हाताने ते भांडे धुवावे, यात न दिसण्यासारखे काय आहे? आणि “यंत्र मी विकत आणले, माझे कर्तव्य झाले,” असे मानणाऱ्या कर्त्या पुरुषांस एवढेच सांगावयाचे की, पैसे मोजल्याने यंत्र घरात येते. घरातील श्रम त्याने वाटले जात नाहीत.

सर्वच विद्यार्थ्यांच्या घरी ही सारी उपकरणे नाहीत, हे आम्ही जाणतो. ज्यांच्या घरी नाहीत त्यांनी खंत करू नये; श्रमाची न्याय्य वाटणी करण्यास यंत्र लागतच नाही. पाटा-वरवंट्यावरची चटणीही मुलग्याला वाटता येते. आणि ज्यांच्या घरी आहेत त्यांनी त्यांचा आनंद मनसोक्त घ्यावा, त्यांची रचना समजून घ्यावी, माहितीपत्रक वाचावे, बिघडल्यास दुरुस्ती करणाऱ्याच्या शेजारी बसून तो काय करतो ते पाहावे. त्यासोबत एक लहानसा नियम स्वतःला घालून घ्यावा. घरातील कोणतेही एक यंत्र आपले मानावे. त्याचे काम प्रारंभापासून शेवटापर्यंत, म्हणजे भांडे धुऊन पालथे घालीपर्यंत किंवा कपड्यांच्या घड्या कपाटात जाईपर्यंत, आपणच करावे. हा नियम मुलींपेक्षा मुलग्यांसाठी अधिक आहे, हे उघड सांगण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

असे एक वर्ष केले तर आईला दिवसाकाठी अर्धा तास सहज मिळेल. त्या अर्ध्या तासात तिने काय करावे, हे मात्र कोणी ठरवू नये. तिने वर्तमानपत्र वाचावे, शेजारणीकडे बसावे, देवळात जावे, गाणे ऐकावे किंवा नुसते खिडकीशी स्वस्थ बसून राहावे. तो वेळ तिचा आहे, आणि तो तिला देण्याकरिताच ही यंत्रे घरात आणली, असे ज्या दिवशी आपल्याला खऱ्या अर्थाने म्हणता येईल, त्या दिवशी त्यांचे पैसे वसूल झाले असे आम्ही समजू.