दावा छापणाऱ्यानेच खंडन छापावे

आमच्या पिढीने छापील शब्दावर जितका विश्वास टाकला, तितका क्वचितच दुसऱ्या कशावर टाकला असेल. बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतून ‘श्री सयाजी साहित्यमाले’ची पुस्तके देवघराशेजारच्या कपाटात मानाने ठेवलेली असत, आणि ‘हे छापून आले आहे’ एवढे म्हटले की घरातला वाद मिटत असे. तो विश्वास आजही आमच्याने टाकवत नाही. परंतु त्या विश्वासाचे विश्वस्तच आपले काम पुरतेपणी करीत नाहीत असे दिसू लागले, तर चार कडू शब्द बोलणे भाग पडते. ते आज आम्हांस मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी संपादिलेली नियतकालिके आणि ग्रंथमाला यांच्याविषयी बोलावयाचे आहेत.

निवृत्त सरकारी अधिकाऱ्याला ही उठाठेव कशाला, असे वाचक विचारतील. त्याचे उत्तर आमच्या एका चुकीत आहे. काही वर्षांपूर्वी याच पत्रिकेत मनोनिग्रहावर लिहिताना आम्ही अमेरिकेतील एक प्रयोग मोठ्या भक्तिभावाने सांगितला होता. 1998 साली रॉय बाउमायस्टर आणि त्यांचे सहकारी यांनी तो प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांपुढे ताजी चॉकलेटची बिस्किटे आणि मुळे ठेवले, आणि त्यांतील काहींना फक्त मुळेच खाण्यास सांगितले. नंतर सर्वांना न सुटणारी कोडी दिली. मुळे खाल्लेल्यांनी सुमारे आठ मिनिटांत हात टेकले. बिस्किटे खाल्लेले सुमारे एकोणीस मिनिटे झगडत राहिले. तात्पर्य असे की, मनोनिग्रह हा हौदातल्या पाण्यासारखा असतो. एकीकडे वापरला की दुसरीकडे आटतो. आम्हांला हे इतके पटले की, नातवाला अभ्यासाआधी कशालाच नाही म्हणू नये, त्याचा निग्रह खर्ची पडतो, असा उपदेश आम्ही सूनबाईंनाही केला. तिने तो ऐकला नाही, हे तिचे शहाणपण!

कारण पुढे 2016 साली 23 प्रयोगशाळांनी मिळून, 2,141 व्यक्तींवर, या सिद्धांताचा वेगळ्या कृतीने पडताळा घेतला, आणि परिणाम जवळजवळ शून्य निघाला. 2021 साली 36 प्रयोगशाळांनी साडेतीन हजारांहून अधिक लोकांवर पुन्हा पाहिले. तेव्हाही सांगण्याजोगे फारसे काही हाती लागले नाही. आता वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मूळ दावा छापला ‘जर्नल ऑफ पर्सनॅलिटी अँड सोशल सायकॉलॉजी’ या नियतकालिकाने. आणि हे दोन्ही पडताळे छापले इतर नियतकालिकांनी. ज्या दारातून वार्ता बाहेर पडली, त्या दारावर तिच्या दुरुस्तीची पाटी लागली नाही. मग आमच्यासारख्या दूरच्या वाचकाला ती दिसावी कशी?

या नियतकालिकांचा कारभार कसा चालतो, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. स्टॅन्ली हॉल यांनी 1887 साली अमेरिकेत ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकॉलॉजी’ सुरू केले. आपल्याकडे कलकत्त्याचे नरेंद्रनाथ सेनगुप्त यांच्या संपादकत्वाखाली 1926 साली ‘इंडियन जर्नल ऑफ सायकॉलॉजी’ निघाले, आणि 1989 साली अलाहाबादचे दुर्गानंद सिन्हा यांनी ‘सायकॉलॉजी अँड डेव्हलपिंग सोसायटीज’ काढले. शिकवणारा प्राध्यापकच संपादक. तो आलेला निबंध दोनतीन जाणत्या परीक्षकांकडे पाठवितो आणि अखेरचा निर्णय स्वतः घेतो. व्यवस्था उत्तम आहे. हे बहुतेक लोक आपली नोकरी सांभाळून, अल्प मोबदल्यावर वा विनामोबदला हे काम करतात, याचाही आम्हांस आदर आहे. परंतु निर्णयाचा अधिकार आला की निर्णयाची जबाबदारीही येते. तिथेच घोडे पेंड खाते.

हा अधिकार कसा वापरला जातो, हे डग्लस पीटर्स आणि स्टीफन सेसी यांनी 1982 साली दाखवून दिले. प्रतिष्ठित विभागांतून आलेले आणि आधीच छापून झालेले बारा निबंध त्यांनी निवडले. लेखकांची नावे बदलली, संस्थांची नावे कल्पित आणि सामान्य घातली, आणि ज्या त्या नियतकालिकाकडे आपापला निबंध पुन्हा पाठविला. 38 संपादक आणि परीक्षकांपैकी अवघ्या तिघांना ओळख पटली. उरलेल्या नऊ निबंधांपैकी आठ नाकारले गेले, आणि कारण काय, तर पद्धतीत गंभीर दोष! काल ज्यावर मान्यतेचा शिक्का उमटला, त्यात आज दोष कुठून आले? परीक्षा निबंधाची झाली की पत्त्याची?

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. 2011 साली, वर उल्लेखिलेल्या त्याच नियतकालिकाने, कॉर्नेल विद्यापीठाचे डॅरिल बेम यांचा निबंध छापला. माणसाला भविष्यातील घटनांची चाहूल आधीच लागते, असा त्यात नऊ प्रयोगांच्या आधारे दावा होता. रिची, वाइजमन आणि फ्रेंच या तीन ब्रिटिश अभ्यासकांनी त्यांतील एक प्रयोग पुन्हा करून पाहिला. काहीच आढळले नाही. त्यांनी निबंध त्याच नियतकालिकाकडे पाठविला. उत्तर आले की, आम्ही पुनःप्रयोग छापत नाही. तो 2012 साली दुसरीकडे छापावा लागला. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, त्याच वर्षाअखेर गॅलक आणि त्यांचे सहकारी यांनी 3,289 व्यक्तींवर केलेल्या सात प्रयोगांचे अपयश त्या नियतकालिकाने छापले. म्हणजे जागा होती. पहिल्यांदा दार लावून घेतले ते जागेअभावी नव्हे, तर रिवाज म्हणून. आमचे भांडण त्या रिवाजाशी आहे.

या रिवाजाची किंमत 2015 साली कळली. मानसशास्त्राच्या तीन नामांकित नियतकालिकांतील 2008 सालचे शंभर अभ्यास पुन्हा करून पाहण्यात आले. मुळात त्यांपैकी 97 टक्के अभ्यास संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरले होते. पुनःप्रयोगात उतरले ते 36 टक्के. न उतरलेले सारेच खोटे, असे यावरून कोणी समजू नये. परंतु ज्या पेढीच्या शंभर हुंड्यांपैकी साठांहून अधिक पहिल्या तपासणीत वटत नाहीत, तिने आपली वही उघडून दाखविली पाहिजे की नाही?

यावर संपादकांचे म्हणणे असते की, पाने मर्यादित, वाचकांना नवे हवे, आणि अशाने मत्सरी लोकांस ऊत येईल. आम्ही आयुष्य महसुलाच्या कागदांत घालविले. गावच्या हक्कपत्रकात फेरफार होतो तेव्हा जुने नाव कोणी खरवडून काढीत नाही; पण नव्या नोंदीचा क्रमांक तिथल्या तिथे, त्याच उताऱ्यावर चढतो. उतारा हाती घेणाऱ्या अडाणी शेतकऱ्यालाही जुने नाव आता चालत नाही, हे कळते. अपिलात हुकूम फिरला तर तोही त्याच प्रकरणात लागतो. शेजारच्या तालुक्याच्या दप्तरात नव्हे. तलाठ्याला जे जमते, ते विद्यापीठाच्या प्राध्यापकाला जमू नये?

जमते, हेही सिद्ध झाले आहे. ‘कॉर्टेक्स’ या नियतकालिकाने 2013 पासून अशी सोय केली की, प्रयोगाचा आराखडा आधी तपासावा, तो पसंत पडला तर स्वीकाराचे वचन द्यावे, आणि मग निष्कर्ष होकारार्थी येवो की नकारार्थी, निबंध छापावा. पुढे शेकडो नियतकालिकांनी हा मार्ग धरला. म्हणजे अडचण साधनांची नव्हती, इच्छेची होती.

ग्रंथमालांची स्थिती अधिक चिंताजनक आहे. नियतकालिकात निदान पुढचा अंक असतो. ग्रंथाला पुढची आवृत्ती निघेलच असे नाही. 1964 साली लिओनार्ड बर्कोविट्झ यांनी सुरू केलेल्या ‘अ‍ॅडव्हान्सेस इन एक्सपेरिमेंटल सोशल सायकॉलॉजी’सारख्या मालांचे खंड ग्रंथालयांत दशकानुदशके उभे राहतात. त्यांतून पाठ्यपुस्तके, पाठ्यपुस्तकांतून व्याख्याने, आणि व्याख्यानांतून आमच्यासारख्यांचे मराठी लेख! उगमाशी गढूळ झालेले पाणी आमच्या घागरीत गाळून कसे येणार?

म्हणून आमचे मागणे एवढेच आहे. ज्याने दावा छापला, त्यानेच त्याचे प्रामाणिक खंडन छापावे. आणि मूळ निबंधाच्या पहिल्या पानावर त्या खंडनाची नोंद चढवावी. ग्रंथमालेच्या संपादकांनी प्रत्येक नव्या खंडात मागील खंडांतील ढासळलेल्या निष्कर्षांची यादी द्यावी. यात कोणाची अप्रतिष्ठा नाही. चूक होणे हा विद्येचा धर्मच आहे. ती झाकणे हा नव्हे.

दुसऱ्यास सांगावे आणि आपण कोरडे राहावे, हे शोभत नाही. म्हणून मनोनिग्रहावरील आमच्या त्या लेखातील मुळ्यांच्या प्रयोगाचा आधार आम्ही येथे मागे घेत आहोत. संस्थेच्या ग्रंथपालांस आमची विनंती आहे की, त्या अंकाच्या प्रतीत या अंकाचा निर्देश करणारी एक चिठ्ठी डकवावी. चिठ्ठी आम्ही स्वहस्ते लिहून दिली आहे. डिंकाचाही खर्च आमचा.