बारीक माणसाचे यकृत

लिव्हरचा आजार म्हटला की आपल्याकडे पहिला संशय दारूवर जातो. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात ती २०१५ ते २०२१ होती. त्यासाठीच्या लढ्यांनी दारूचे दुष्परिणाम घरोघरी पोहोचवले, ते योग्यच झाले. पण थेंबभरही न पिणाऱ्याच्या यकृतावरही चरबी साचू शकते. इन्सुलिनला शरीर दाद देईनासे झाले की ती यकृताच्या पेशींत भरत जाते. काहींना सूज येते, सुजेतून व्रण आणि व्रणांतून सिरॉसिस. जगभरच्या तज्ज्ञांनी २०२३ मध्ये या आजाराच्या नावातच ‘चयापचय’ आणला, तो याचसाठी.

आता औषधे येत आहेत. भारताने २०२० मध्ये सारोग्लिटाझारला मान्यता दिली, अमेरिकेने मार्च २०२४ मध्ये रेस्मेटिरोमला. रेस्मेटिरोमच्या निर्णायक चाचणीत ९६६ रुग्ण होते. वर्षभरात औषध घेणाऱ्यांपैकी २६ ते ३० टक्क्यांची सूज ओसरली. औषधासारखीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १० टक्के होते. यश मोलाचेच. पण त्या रुग्णांत दहापैकी जवळपास नऊ गोरे, बहुतेक स्थूल, आणि जास्त पिणारे आधीच वगळलेले. गडचिरोलीतल्या कोरची, एटापल्लीचा किंवा चंद्रपुरातल्या जिवतीचा रुग्ण यात कुठे बसतो?

पश्चिम बंगालच्या ग्रामीण भागातल्या १,९११ प्रौढांची एक पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात ८.७ टक्क्यांच्या यकृतावर चरबी आढळली आणि त्यांतले तीन चतुर्थांश लठ्ठ नव्हते. भात खाणारा, शेतात राबणारा, अंगाने बारीक माणूस आपल्याही ओळखीचा आहे. शिवाय आपल्याकडे सिकलसेल आहे, मलेरिया आहे, मोहाची दारू आहे. यकृताला यातले प्रत्येक छळते. अशा शरीरात नवी गोळी काय करेल, हे दुसऱ्या शरीरांवरून ठरवता येणार नाही. म्हणून या औषधांच्या चाचण्या चंद्रपूर-गडचिरोलीत झाल्या पाहिजेत, असे आम्ही स्पष्टपणे म्हणतो.

गडचिरोलीला संशोधन नवे नाही. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटलेला होता. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने तो निष्कर्ष छापला, पुढे देशभरच्या आशाताई त्याच वाटेने घरोघरी जाऊ लागल्या. इथे प्रयोग आणि उपचार वेगळे नव्हते. बाळाला तपासणारी बाई गावातलीच होती.

उलटे उदाहरणही दूरचे नाही. सिरोंचापलीकडे, तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात २००९-१० मध्ये एका अभ्यासात आदिवासी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस टोचली गेली. अनेक संमतिपत्रांवर पालकांच्या नव्हे, वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. जंगलातल्या माणसाच्या ‘हो’ला किती कमी किंमत दिली जाते, ते तेव्हा दिसले.

औषध-चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांत नैतिक समिती, इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई आहे. आम्हाला याहून अधिक हवे. संमती माडियात आणि गोंडीत मागावी, आणि घरी जाऊन दोन दिवसांनी नकार देण्याची मुभा असावी. यकृताचा तुकडा सुईने काढायचा असेल, तर भामरागडच्या रुग्णाला रक्तस्राव झाल्यास तो कुठे थांबवणार, हे आधी सांगावे. चाचणीआधी रुग्ण शोधावेत. वय आणि रक्ततपासणीतले एसजीओटी, एसजीपीटी व प्लेटलेट या चार आकड्यांवरून यकृताच्या व्रणांचा अंदाज बांधता येतो. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. चंद्रपूरचे वैद्यकीय महाविद्यालय आणि २०२४ मध्ये सुरू झालेले गडचिरोलीचे, दोघांनी हे काम यंदाच हाती घ्यावे. आणि चाचणी संपल्यावर गोळी कोणाच्या पैशाने, किती वर्षे मिळणार, ते संमतिपत्रावर अंगठा उठण्याआधी लिहिलेले असावे.