कपाटातला रोलायफ्लेक्स आणि थिजलेले शटर

जुन्या कॅमेऱ्यांविषयी इतिहासप्रेमींमध्ये एक सोवळे रूढ झाले आहे: सापडला तसा ठेवावा, हात लावू नये. १२० फिल्मवर चालणाऱ्या मीडियम फॉरमॅट कॅमेऱ्यांच्या भिंगांबाबत तरी हे सोवळे सोडलेलेच बरे. बंद पडलेले भिंग हा अर्धा गमावलेला पुरावा असतो.

रोलायफ्लेक्सचेच पाहा. जर्मनीतील ब्राउनश्वाइगच्या फ्रांके आणि हायडेके या कारखान्याने १९२९ मध्ये तो बाजारात आणला. त्याला एकावर एक दोन भिंगे: वरचे पाहण्यासाठी, खालचे टिपण्यासाठी. छायाचित्रकार कॅमेरा पोटाशी धरतो आणि मान खाली घालून काचेवरची प्रतिमा न्याहाळतो. आत आरसा असल्याने ती उभी दिसते खरी, पण डाव्याचे उजवे होते. डावीकडे निघालेला माणूस काचेवर उजवीकडे सरकतो. होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) स्पीड ग्राफिकबरोबर रोलायफ्लेक्सही वापरत. अशा कॅमेऱ्याने टिपलेला नेता किंचित खालून पाहिल्यासारखा भासला, तर त्यात आदरभाव शोधण्याआधी कॅमेरा कोणत्या उंचीवर धरला होता हे विचारले पाहिजे. हा प्रश्न कॅमेरा हाती घेऊन चालवणाऱ्यालाच सहज सुचतो.

आणि चालवायचा तर शटर जिवंत हवे. ते खालच्या भिंगाच्या काचांमध्येच बसवलेले असते. त्याची पाती पूर्ण कोरडी असावी लागतात. मंद वेग मात्र इवल्या दातेरी चाकांच्या साखळीवर अवलंबून असतात, आणि तिथले वंगण वर्षानुवर्षे पडून राहिले की चिकटते. एक सेकंदाचा वेग लावून कान दिला की दुखणे कळते: चाकांची घरघर मध्येच अडखळते किंवा पाती उघडीच राहतात. अशा शटरवर सेल्फ-टायमर ओढून पाहण्याचा मोह टाळावा. तो अडकला की सारेच अडकते. १/५०० चा वेग हवा असल्यास शटर ताणण्यापूर्वीच लावावा, कारण त्यासाठी एक जादा स्प्रिंग कामाला लागते.

हौशी मंडळींचा आवडता उपाय म्हणजे लायटरचे इंधन आत सोडणे. चार दिवस शटर छान चालते. मग विरघळलेली चिकटण पात्यांवर पसरून सुकते आणि दुखणे दुप्पट होते. पुढच्या काचा उतरवून, यंत्रणा बाहेर काढून धुणे आणि घड्याळजीच्या हाताने मोजक्या ठिकाणी तेलाचा कण ठेवणे, याला पर्याय नाही. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर चामड्याच्या बंद पेटीइतका भिंगाचा दुसरा वैरी नाही. त्या अंधारात बुरशी वाढते, काचेवरचा लेप खाते आणि पुढे काचही. तो ओरखडा पुसून जात नाही.

जुने वंगण आणि मूळ स्क्रू हाही पुरावाच, हा संग्रहालयांचा आक्षेप खोटा नाही. एखाद्या दुर्मीळ नमुन्याला म्हणूनच हात लावू नये. परंतु रोलायफ्लेक्स मोठ्या संख्येने बनले. त्यांतले बहुतेक चालते ठेवता येतात. फक्त दुरुस्ती करणाऱ्याने काय काढले, काय बदलले आणि कोणते तेल घातले, याची चिठ्ठी त्या कॅमेऱ्याच्या पेटीत राहावी.