ओळ संपली, वाक्य नाही

गेल्या दिवाळीत उत्रोलीच्या घरी जुन्या लॅपटॉपवर फोटो आवरत बसलो होतो. नको असलेला एक फोल्डर पुसायची आज्ञा एका टर्मिनलमधून कॉपी केली, दुसऱ्यात पेस्ट केली. एंटर मी दाबलंच नव्हतं! पण आज्ञा लांब, खिडकीच्या कडेला दुमडलेली. टर्मिनलने त्या दुमडीलाच ओळीचा शेवट मानलं. पेस्ट होताक्षणी अर्धीच आज्ञा चालली, आणि आतल्या एका फोल्डरऐवजी भाटघर धरणावरचे आजीसोबतचे सगळे फोटो गेले.

"बघून पेस्ट करायचं ना," धाकटा भाऊ म्हणाला. अरे, बघायला वेळ मिळाला तर ना!

आजी अंतर्देशीय पत्रात अगदी कडेपर्यंत लिहायची. कागदाची कड आली म्हणून वाक्य संपलं, असं आम्ही कधी मानलं नाही. टर्मिनललाही एवढं कळायला हवं. कॉपी करताना दुमड वगळावी, खरी ओळ राखावी. पेस्ट करताना ओळी काढून टाका असं मी म्हणत नाही. दहा आज्ञा एकदम देणाऱ्याला त्या लागतात. फक्त थांबावं. 'ब्रॅकेटेड पेस्ट' हेच करतं: टर्मिनल पेस्ट केलेल्या मजकुराच्या दोन्ही टोकांना खुणा लावतं, आणि शेल एंटरची वाट बघतं. बॅशच्या ५.१ आवृत्तीपासून (२०२०) ही सोय मुळातच चालू असते. मग सगळीकडेच का नसावी?

एंटर दाबायचा हक्क माणसाचाच. असो. तुम्हाला काय वाटतं?