दप्तर बदला, पण पुसू नका

संगणकात नवी कार्यप्रणाली बसवायची म्हणजे जुने सारे पुसायचे, असा समज आपल्याकडे रूढ झाला आहे. 'फॉरमॅट मारून टाका' हा सल्ला जो तो देतो. मला तो मान्य नाही.

डिस्कवरील फाइल सिस्टीम म्हणजे तलाठ्याचे दप्तर. कोणती फाइल कोठे आहे, याच्या नोंदी तीत असतात. फॉरमॅटमध्ये हे दप्तरच कोरे होते. मग कोणाचे शेत कोठे, हे कोण सांगणार? २००१ साली आलेली विंडोज एक्सपी बसविताना दुसराही मार्ग मिळे. फाइली तशाच ठेवून फॅट डिस्कचे एनटीएफएसमध्ये रूपांतर करता येई. आजही विंडोजमध्ये 'कन्व्हर्ट' ही आज्ञा आहे. फॅट३२ मध्ये ४ जीबीची एक फाइलही मावत नाही. एनटीएफएसमध्ये मावते, शिवाय कोणती फाइल कोणी उघडावी हेही ठरविता येते.

मात्र ही वाट एकेरी आहे. पुन्हा फॅटकडे यायचे तर फॉरमॅटच करावे लागते. मध्येच वीज गेली तर नुकसानही होऊ शकते. म्हणून आधी प्रत काढणे हाच शहाणपणा.

ज्यांच्या घरी पुस्तकांची कपाटे आहेत, त्यांची गोष्ट वेगळी. घराण्यात प्रथमच कॉलेजची पायरी चढणाऱ्या आम्हा मुलांची टिपणे, निबंध, आजीच्या तोंडून उतरवून घेतलेल्या ओव्या, सारे एकाच डिस्कवर असते. तेव्हा मित्रहो, 'फॉरमॅट करू का?' असे कोणी विचारले, तर होकार देण्याआधी आत काय आहे ते पाहा!