इंजिनाचा गळा दाबू नका



वसईच्या वाडीत वीज गेली की बावखलावरचे डिझेल इंजिनच आमच्या मदतीला येते. केळी, पानवेल, भाजी, मोगरा पाण्यासाठी थांबत नाहीत. आणि ऐन चैत्रात हेच इंजिन धाप टाकते. मिस्त्री हेड उतरवतो, धुराच्या बाजूचा जळका व्हॉल्व्ह हातात देतो आणि म्हणतो, "माल हलका होता, नवा टाका." आम्ही टाकतो. पुढच्या हंगामात तोही जळतो. दर वेळी मालच हलका कसा?

वर गॅरेजात छातीठोक सांगितले जाते, "इंजिनाला मागून थोडा दाब लागतोच, नाहीतर व्हॉल्व्ह जळतात." हे साफ चूक आहे. सायलेन्सर काजळीने तुंबला की जळका वायू सिलिंडरात अडकतो. मग ताजी हवा कमी येते, डिझेल अर्धवट जळते, काजळी आणखी वाढते. व्हॉल्व्हची उष्णता मुख्यतः तो सीटवर टेकतो तेव्हाच उतरते. मध्ये काजळी आली की तो पुरता टेकत नाही; फटीतून तापलेला वायू सुटतो आणि त्याची कड खातो. दांड्यावर काजळी चढली की गाइडही झिजते.

वाडीला खेटून इमारती आल्या, २००९ साली महानगरपालिका झाली. आवाजाची तक्रार आली की आम्ही काय करतो? बारीक पाइप लावतो, त्याला तीन एल्बो जोडतो. शेजाऱ्याची झोप आम्हालाही मान्य आहे. पण मोठ्या सायलेन्सरने आवाज कमी होतो आणि धूरही मोकळा जातो. मग इंजिनाचा गळा का दाबायचा?

म्हणून आमचे सांगणे: पाइप इंजिनाच्या धुराच्या तोंडापेक्षा अरुंद नको. लांब न्यायचा तर एक माप मोठा घ्या. हंगामापूर्वी सायलेन्सरची काजळी काढा, टॅपेटची फट तपासा. काळा धूर दिसला तर सुके गवत बाजूला करून, सायलेन्सर उतरवून, इंजिन थोडा वेळ चालवून पाहा. धूर घटला तर चोर सापडला. नाही घटला तर एअर फिल्टर आणि नोझल पाहा.

आणि आमची मागणी: इंजिन विकणाऱ्याने पाइपाचे माप, लांबी आणि उलट्या दाबाची मर्यादा मराठीत छापून द्यावी.

बैठकीला येताना आपला जळका व्हॉल्व्ह घेऊन या. घरात पडला तर ते भंगार आहे. सगळ्यांचे एका टेबलावर आले तर तो पुरावा आहे.