आड गढूळ, पोहरा नवा



आडातले पाणी गढूळ असेल तर पोहरा नवा आणून ते निवळत नाही. सरकारने सातबाऱ्याचे तेच चालवले आहे.

15 एप्रिल 2025 पासून राज्यात शेतीच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. अ‍ॅग्रीस्टॅकचा हा क्रमांक आधार आणि सातबारा एकत्र बांधतो. पीककर्ज, पीकविमा, अनुदान, सगळ्यांनी माहिती तिथूनच उचलायची, असा बेत आहे.

आमचा संगणकाला विरोध नाही. तालुक्याचे हेलपाटे वाचणार असतील तर तो हवाच. पण पूर्वी चूक तलाठ्याच्या दप्तरात पडून राहायची. आता तीच चूक बँकेत, विमा कंपनीत आणि कृषी खात्यात एकदम पोचते. आधारवर एक नाव, सातबाऱ्यावर दुसरे. बाप वारला, वारसाची नोंद नाही. गुंठ्याचे आर करताना क्षेत्राचा मेळ बसत नाही. 2021 पासून ई-पीक पाहणी आपल्याच गळ्यात घातली. रेंज मिळाली नाही तर रानात उभा असलेला कापूस कागदावर नसतोच.

त्यात कायदा असा, की जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 157 प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद खोटी ठरेपर्यंत खरीच धरायची. म्हणजे चूक दप्तराची आणि पुरावा आपण गोळा करायचा!

2017 ची कर्जमाफी आठवा. अर्ज ऑनलाइन घेतले, पण बँकांची माहिती जुळेना. अनेक खात्यांपुढे एकच आधार क्रमांक निघाला. दिवाळीत लावलेली यादी मागे घ्यावी लागली. यंत्र नवे होते, माल जुनाच होता.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत:

1. माहिती बाहेर देण्याआधी गावोगाव चावडी वाचन करा. प्रत्येक गट, नाव, क्षेत्र मोठ्याने वाचा.
2. लेखनातल्या चुका कलम 155 खाली महसूल खात्याने स्वतः, फुकट आणि मुदतीत दुरुस्त कराव्यात.
3. दुरुस्ती होईपर्यंत कोणाचेही कर्ज, विमा, अनुदान अडवू नये.
4. एका ठिकाणची दुरुस्ती सगळीकडे पोचली, याची लेखी पोच द्यावी.

बैठकीला येताना आपला सातबारा आणि आठ-अ काढून आणा. नाव, गट, क्षेत्र ताडून पाहू. चुकांची गाववार यादी करू आणि सगळे मिळून तहसीलवर नेऊ. एकट्याचा अर्ज फाइलीत दबतो; गावाचा अर्ज दबत नाही.